वाचकांचे प्रश्न : पंप, नडग्या आणि तिसरं प्रकरण

या वेळचे प्रश्न प्रोग्रॅमिंग करणाऱ्या वाचकांचे आहेत, पण ऑफिसबाहेरच्या वेळेबद्दलचे. पंपाच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे, कारण त्या एका तक्रारीत तीन वेगवेगळे दोष आहेत.

प्रश्न : कुंड्यांना आपोआप पाणी देण्यासाठी ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड वापरला आहे. वायफाय बंद असताना ओलाव्याचा सेन्सर नीट आकडे देतो, वायफाय जोडलं की वाचन मिळत नाही. पंप सुरू होताच बोर्ड रीसेट होतो. आणि पंप बंद झाल्यावरही नळीतून पाणी येतच राहतं. दोन आठवडे कोड तपासतोय, चूक सापडत नाही.

उत्तर : तर्कात चूक नाहीच. तिन्ही दोष जोडणीतले आहेत.

आधी सेन्सर. मूळ ईएसपी३२मध्ये अ‍ॅनालॉग वाचनाचे दोन गट आहेत. त्यातला दुसरा गट, म्हणजे एडीसी२, वायफाय सुरू असताना वापरता येत नाही. तुमची तार बहुधा त्यातल्या एखाद्या पिनवर आहे. ती ३२ ते ३९ मधल्या पिनवर हलवा, ३४ क्रमांकाची चालेल. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या असल्यामुळे पंपाचा सिग्नल मात्र तिथून देता येणार नाही.

सेन्सर दोन उघड्या धातूच्या काट्यांचा असेल तर तो बदला. ओल्या मातीतून वीज वाहत राहिली की काटा झिजतो आणि आकडे हळूहळू सरकत जातात. कपॅसिटिव्ह सेन्सर, म्हणजे धातू उघडा नसलेली पट्टी घ्या, पण त्यावरच्या टायमर चिपवर काय छापलंय ते वाचा. टीएलसी५५५ कमी व्होल्टेजवर चालते. एनई५५५ला किमान ४.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे ३.३ व्होल्टवर तिच्या आकड्यांचा भरवसा नाही. पट्टीच्या कापलेल्या कडांमधून पाणी आत मुरतं, म्हणून कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि पट्टी आखलेल्या रेषेपर्यंतच मातीत खोचा.

आता रीसेट. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. पंप आणि बोर्ड एकाच यूएसबी तारेवर असतील तर व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी रीसेट होतो. पंपाला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या, मात्र दोन्हींचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोकं, एकत्र जोडा. ते राहिलं तर मॉस्फेटला, म्हणजे बोर्डाच्या सिग्नलवर पंप चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला, सिग्नल कळतच नाही. बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पट्ट्याची बाजू ग्राउंडकडे. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा जोडा, म्हणजे त्याचा पांढरा पट्टा धन टोकाकडे येईल. मोटर बंद होताना उठणारा व्होल्टेजचा फटका तो जिरवतो. मॉस्फेट आयआरएफ५४० असेल तर ३.३ व्होल्टवर तो पुरता उघडत नाही आणि तापतो. लहान पंपासाठी आयआरएलझेड४४एन घ्या. त्याच्या गेटपासून (सिग्नल घेणाऱ्या पायापासून) ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर हवाच. तो नसेल तर बोर्ड सुरू होत असताना गेट अधांतरी राहतं आणि पंप मनाने चालतो.

राहिलं न थांबणारं पाणी. नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली आहे, म्हणून एकदा नळी भरली की पंपाशिवायही पाणी वाहतं. तोंड पातळीच्या वर आणा. ते जमत नसेल तर टाकीच्या आत, पाण्याच्या वर, नळीच्या सगळ्यांत उंच जागी दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि धार तुटते. पंप चालू असताना त्या भोकातून थोडं पाणी टाकीतच पडेल, ते पडू द्या.

कोडमध्ये एक गोष्ट मात्र बदलाच. ‘माती ओली होईपर्यंत पंप चालू’ अशी अट ठेवू नका. वरून घातलेलं पाणी सेन्सरपर्यंत मुरायला वेळ लागतो, तोवर कुंडी तुंबलेली असते. आधी ३० सेकंद पंप चालवून मापात पाणी मोजा. ६०० मिलिलीटर आलं तर सेकंदाला २० मिलिलीटर. मग ५ सेकंदांचा, म्हणजे १०० मिलिलीटरचा एक हप्ता द्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा वाचा. वाचन एकदाच घेऊ नका, दहा घेऊन मधलं धरा. कपॅसिटिव्ह सेन्सरचा आकडा कोरड्या मातीत मोठा आणि ओल्यात लहान असतो, ही अट पुष्कळदा उलटी लिहिली जाते. तीन हप्त्यांनंतरही आकडा हलला नाही तर सगळं थांबवून सूचना पाठवा. टाकी रिकामी आहे किंवा सेन्सर मातीतून निघालाय. हे बुडवून चालवायचे पंप कोरडे चालले की जळतात, म्हणून ही शेवटची अट सोडू नका.

प्रश्न : बैठं काम आहे म्हणून धावायला सुरुवात केली. दम पुरतो, पण दुसऱ्याच आठवड्यात नडग्या दुखायला लागल्या. सोडून द्यावं का?

उत्तर : सोडू नका, धावणं तोडून तोडून करा. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, हाडं आणि स्नायूबंध त्याहून सावकाश. दम पुरतोय म्हणून अंतर वाढवलं जातं आणि भार नडगीवर येतो. दुखणं ओसरेपर्यंत फक्त चाला. मग पाच मिनिटं झपझप चालून १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, अशा ८ फेऱ्या, आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. धावण्याचा तुकडा दर आठवड्याला ३० सेकंदांनी वाढवा. वेग एवढाच ठेवा की पूर्ण वाक्य बोलता येईल. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवशी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा, १२ चे तीन संच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची आहे. भरभर चालणंही त्यात धरलं जातं.

दुखणं एका बोटाने दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी असेल किंवा आराम करतानाही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा धावणं पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला घेऊन टेकडीवर जायचंय. जाऊन-येऊन ६ किलोमीटर, चढ ३०० मीटर. किती वेळ धरावा?

उत्तर : स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ चा नियम अजून कामाला येतो : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. तुमच्या वाटेला १ तास १२ मिनिटं अधिक ३० मिनिटं, म्हणजे पावणेदोन तासांच्या आत. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट मोठ्या माणसाचा आहे. मुलीसोबत दुप्पट धरा आणि थांबण्याचा एक तास वेगळा ठेवा, साडेचार तास होतात. मुलं एका चालीने चालत नाहीत, ती पळतात आणि बसतात. रांगेत सगळ्यांत पुढे तिला ठेवा, बाकीच्यांनी तिच्या चालीने चालायचं.

परत फिरण्याची वेळ घरातून निघतानाच ठरवा, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी ती पाळा. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या आणि चढायला लागण्यापूर्वी तो उघडून आपली जागा दिसतेय याची खात्री करा. मग फोन विमान मोडवर टाका, लोकेशन तेवढं चालू ठेवा. जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही आणि नेटवर्क शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते.

प्रश्न : तांत्रिक पुस्तक तिसऱ्या प्रकरणात अडकतं. कादंबरीही महिनाभर उशाशी पडून आहे.

उत्तर : दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवा. कादंबरीला झोपण्यापूर्वी रोज १२ पानं द्या, ३०० पानं २५ दिवसांत होतात.

तांत्रिक पुस्तक डोकं ताजं असताना, २५ मिनिटंच. तिसऱ्या प्रकरणात अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तिथे पहिलं मोठं उदाहरण येतं आणि ते नव्या आवृत्तीवर चालत नाही. पुस्तकात छापलेली आवृत्तीच वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवा. उदाहरण चिकटवू नका. एकदा वाचा, पुस्तक मिटा, आठवून टाइप करा, अडलं तिथेच उघडून बघा. उठण्यापूर्वी पुढची एक कृती कागदावर लिहून ठेवा, आणि ती नेमकी हवी. ‘प्रकरण ३ पुढे’ असं लिहिलं तर उद्याची दहा मिनिटं कुठे होतो ते शोधण्यात जातील. ‘पान ६४, फंक्शनला रिकामी यादी देऊन बघायचं’ असं लिहिलं तर बसल्या बसल्या हात चालू लागतील.