बडोद्यात सायकल, तंबू आणि एक मोकळा दिवस: नदीकाठी मुक्काम करता येईल का?

तुम्ही पुण्याहून सायकलने येताय, तंबू बरोबर आहे, बडोद्यात एक दिवस विश्रांतीचा ठेवलाय. विश्वामित्री नदीच्या काठी तंबू टाकून निवांत शहर बघता येईल का, असं विचारलंय.

शहर निवांत बघता येईल. काठावर तंबू मात्र टाकू नका, एका रात्रीपुरताही नाही. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत, आणि त्या गावाबाहेर कुठे नाहीत, भर वस्तीतल्या पात्रात आहेत. काठ उभे, चिखलाचे, वर झाडोरा. उन्हाळ्याच्या तोंडाशी माद्या काठावरच खड्डे करून अंडी घालतात आणि राखत बसतात. पाणी चढलं की मगरी सोसायट्यांच्या फाटकांपर्यंत येतात. 2019 आणि 2024 च्या पुरात आम्ही हे पाहिलंय.

मुक्कामाला शहराच्या पूर्वेला, आजवा रोडच्या बाजूला जा. एरंडाची, तुरीची, कपाशीची शेतं लागतात. मालकाला विचारून विहिरीजवळ किंवा खळ्यावर जागा मागा. माझ्या भाच्याने तिघा मित्रांबरोबर असाच तंबू टाकला होता. मालकाने जागा तर दिलीच, वर रात्री खिचडी-कढी पाठवली. आजवा तलावाच्या आवारात मात्र नको. सयाजीराव महाराजांच्या काळापासून शहर त्या तलावाचं पाणी पितंय.

सकाळी साडेसहाला निघा. पाणीगेटातून आत शिरलात की सरळ मांडवी, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध उभा असलेला मंडप. एरवी या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पण त्या वेळी दुकानं बंद असतात आणि सायकल मांडवीला सावकाश फेरी घालू शकते. पुढे लहरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर म्हणजे जुनं कोर्ट, सूरसागर तलाव. मग रावपुऱ्यात तांबेकर वाडा बघा. मराठी दिवाणाचा वाडा, लाकडी, आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या: महाभारत, कृष्णलीला आणि मधेच इंग्रजांशी झालेली लढाईसुद्धा. मी शेजारच्या दांडिया बाजारात वाढले, शाळेला जाता-येता या वाड्यावरून गेले, पण आत पाऊल टाकलं ते तिशीत. तुम्ही ती चूक करू नका.

नऊ-साडेनऊला मात्र काळा घोडाच्या पुलावर असा. दिवसातलं मुख्य काम हेच. गाडीतून जाणाऱ्याला विश्वामित्री दिसतच नाही, पूल कधी आला नि कधी गेला ते कळत नाही. सायकल कठड्याला टेकवून दहा मिनिटं खाली बघत राहा. थंडीत ऊन चढलं की मगरी अंग शेकायला बाहेर येतात. आधी नुसता चिखल दिसतो. मग त्यातलाच एक ओंडका वाटतो, त्यावर सुकलेल्या गाळाच्या भेगा. मग कळतं की भेगा नव्हेत, पाठीवरचे खवले आहेत, आणि तोंड उघडं आहे. मागच्या डिसेंबरात माझ्या शेजारी एक भाजीवाल्या बाई डोक्यावरची पाटी सावरत थांबल्या आणि म्हणाल्या, "जुओ, मगर सूतो छे." म्हणजे, बघा, मगर झोपलाय. गुजरातीत मगर पुल्लिंगी. आम्हा बडोदेकर मराठ्यांच्या बोलण्यातही ती कधी 'तो' होते, कधी 'ती'.

त्याच पुलावरून लोक निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खाली टाकतात. तेही दिसेल. मला दर वेळी तितकंच वाईट वाटतं. या पाण्याला सांडपाण्याचा वास येतो, तरी त्यात एवढं मोठं जनावर वस्तीशेजारी जगतंय आणि वस्ती त्याला जगू देतेय. मला या शहराबद्दल सगळ्यात जास्त माया वाटते ती यासाठी.

पुलाजवळच कीर्तिमंदिर आहे, गायकवाड घराण्याचं स्मारक. आतली भित्तिचित्रं नंदलाल बोस यांची. आणि कमाटी बाग, म्हणजे सयाजीबाग, 1879 ची. नदी हिच्या मधूनच वाहते. सायकल बाहेर लावा, कुलूप घाला. संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. समोर उभं राहिल्याशिवाय त्याची लांबी पटत नाही. अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्तीही इथल्याच. अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक, नदीच्या पश्चिम काठावरची वस्ती. आजचं बडोदं नंतर पूर्वेच्या काठाला वडांच्या झाडीत वाढलं. संध्याकाळी दांडिया बाजारातून अकोट्याकडे जाणाऱ्या पुलावरून सायकल न्या, वर सौर पॅनेलचं छप्पर आहे. खालून नदी जाते आणि रेल्वेही.

दुपारी शेव-उसळ खा. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांदा, आणि तरी वेगळी. तरी आधी चमचाभरच घ्या. आपल्या मिसळीच्या भरवशावर वाटीभर ओतणारे पाहुणे मी पाणी-पाणी करताना पाहिलेत. वाटेत खायला लिलो चिवडा बांधून घ्या, ओलसर असतो, एका दिवसात संपवा.

एक गोष्ट काळजीने सांगते. जानेवारीत येत असाल तर गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळल्याशिवाय सायकलवर बसू नका. उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आधी-नंतर पतंगांचा मांजा रस्त्यावर आडवा लोंबतो आणि उन्हात तो दिसत नाही. आमच्याकडे दुचाकीवाले हँडलवर तारेची कमान बसवून घेतात. तुम्हीही कुठल्याही सायकलवाल्याकडून बसवून घ्या. खुद्द 14 आणि 15 तारखेला तर सायकल काढूच नका.

अंधार पडायच्या आत तंबूकडे परता, आजवा रोडवर ट्रक वेगाने जातात. एक दिवस वाढवता आला तर तिथूनच पुढे पावागड आणि चांपानेर. विश्वामित्री त्याच डोंगरात उगम पावते, आणि हवा स्वच्छ असली तर तंबूच्या दारातून तो डोंगर दिसतो. कोणत्या महिन्यात येताय ते लिहा, म्हणजे माझ्या भाच्याला त्या शेतमालकांशी आधीच बोलून ठेवायला सांगते.