प्रीमेडचं कॉलेज निवडताना: पैसे पहिल्याच टप्प्यात संपवू नका

मार्च संपत आला की माझ्याकडे एकाच चालीची पत्रं येऊ लागतात. मुलांना कॉलेजांची उत्तरं आलेली असतात, बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो आणि घरात आई, बाबा आणि पोरगं तीन दिशांना तोंडं करून बसलेली असतात. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. गावं ठेवलीत, नावं काढलीत.

भारतातून नुकत्या आलेल्या वाचकांसाठी एवढंच सांगते की अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएस नसतं. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. ‘प्रीमेड’ ही पदवी नव्हे. बायोलॉजी, दोन प्रकारची केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री असे ठरावीक विषय पूर्ण करायची ती वाट आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक कॉलेजात सापडते.

मुलीला बॉस्टनजवळच्या एका नामवंत खासगी विद्यापीठात प्रवेश मिळालाय. वर्षाचा सगळा खर्च ९२ हजार डॉलर, सवलत शून्य. न्यू जर्सीच्या रटगर्स या सरकारी विद्यापीठात स्कॉलरशिप वजा जाता ३० हजार. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) १ लाख ६० हजार साठलेत. नवरा म्हणतो, अशी संधी आयुष्यात एकदाच येते, घरावर कर्ज काढू. — एक आई, एडिसन

आधी कागद-पेन्सिल घ्या. खासगी विद्यापीठाचे चार वर्षांचे ३ लाख ६८ हजार, रटगर्सचे १ लाख २०. फरक जवळजवळ अडीच लाखांचा. रटगर्सला पाठवलंत तर पदवी हातात येईल तेव्हा ५२९ मध्ये ४० हजार उरलेले असतील आणि ते पुढे मेडिकल स्कूललाही वापरता येतात. खासगी घेतलंत तर खातं रिकामं होऊन वर २ लाख ८ हजार उभे करायचे आहेत.

आता दुसरं बिल. मेडिकल स्कूलची चार वर्षं राहण्याखाण्यासह सरकारी ठिकाणी पावणेतीन लाखांच्या वर जातात, खासगीत पावणेचार लाखांच्या पुढे. आजवर पालक निर्धास्त असायचे, कारण ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज लागेल तेवढं मिळायचं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ते दार बंद केलंय. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस नाही. मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख, त्यापुढे नाही. वरचे पैसे घरातून, स्कॉलरशिपमधून किंवा खासगी बँकेकडून, आणि बँक बहुधा तुमची सही मागणार. पालकांच्या पेरेंट प्लस कर्जालाही आता एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे. म्हणजे आज घर गहाण टाकलंत तर चार वर्षांनी, खरी गरज पडेल तेव्हा, गहाण टाकायला काय उरेल?

नवऱ्याच्या बाजूनेही बोलते. मोठ्या नावाला काहीच वजन नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिथे संशोधनाच्या प्रयोगशाळा हाताशी असतात आणि भोवतालची मुलंही हुशार असतात. पण मेडिकल स्कूलमध्ये वर्षाला साधारण ५२ हजार मुलं अर्ज करतात आणि जागा २३ हजारांच्या आसपास. निवडल्या गेलेल्यांचा सरासरी जीपीए (ग्रेडची ४ पैकी सरासरी) ३.८ च्या जवळ आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५२८ पैकी ५१२ च्या आसपास असतो. कॉलेजचं नाव या दोन आकड्यांची जागा घेत नाही. रटगर्सच्या छत्राखाली मेडिकल शिक्षण आहे, न्यू ब्रन्सविकमध्ये मोठी रुग्णालयं आहेत आणि ती तुमच्या घरापासून एवढ्याशा अंतरावर आहेत. स्वयंसेवक म्हणून काम, डॉक्टरांबरोबर फिरणं, प्रयोगशाळेतली जागा, हे सगळं तिथे मिळू शकतं. दुसऱ्या वर्षी तिला होस्टेल नकोसं झालं तर घरी राहूनही जाता येईल. (मुलीला हे वाक्य वाचून दाखवू नका.)

मी रटगर्स म्हणेन. खासगी विद्यापीठाने ९२ चे ४० हजार केले असते तर वेगळं बोलले असते. आर्थिक मदत विभागाला फेरविचाराचं पत्र लिहून बघायला हरकत नाही. विचारायला पैसे पडत नाहीत.

मी अकरावीत आहे. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये केमिस्ट्रीचा कोर्स घेतला, हायस्कूलमध्ये क्रेडिट मिळतं म्हणून. त्यात सी आला. हायस्कूलच्या जीपीएत तो फारसा दिसत नाही. मग काळजी करू का? — सॅन होजे

थोडी कर. आईबाबांना सांगितलं नसशील तर आज सांग.

मेडिकल स्कूलचा अर्ज ज्या ॲमकास यंत्रणेतून जातो, तिथे तू आयुष्यात घेतलेला प्रत्येक कॉलेज कोर्स नोंदवावा लागतो, शाळेत असताना घेतलेलासुद्धा. तो कोर्स पुन्हा घेऊन ए मिळवलास तरी सी पुसला जात नाही, दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. बहुतेक मुलांना हे पदवीच्या तिसऱ्या वर्षी कळतं. तुला अकरावीत कळलंय, हे नशीबच म्हणायचं. एका सीने कुणाचं डॉक्टर होणं अडत नाही. पुढची चाळीसेक ग्रेड तुझ्या हातात आहेत. पण आता ‘फुकट क्रेडिट मिळतंय’ म्हणून उन्हाळ्यात घाईघाईने विज्ञानाचे कोर्स उरकू नकोस.

एपीचं, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्स-परीक्षेचं, प्रकरण वेगळं. त्याची ग्रेड कॉलेजच्या जीपीएत येत नाही. पण काही मेडिकल स्कूल केमिस्ट्री किंवा बायोलॉजीसाठी एपीचं क्रेडिट मान्य करत नाहीत, किंवा त्याच विषयातला वरचा कोर्स घ्यायला सांगतात. इंग्रजी, इतिहास, कॅल्क्युलसची क्रेडिट मात्र बिनधास्त वापर. त्याने एखादं सत्र वाचलं तर पंधरा-वीस हजार वाचतात.

मग कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून पुढे विद्यापीठात जाणं प्रीमेडला चालतं का? नातेवाईक नाकं मुरडतात. — सॅन होजेजवळूनच, एक बाबा

चालतं. नातेवाईक फी भरणार नाहीत. कॅलिफोर्नियात तर यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा यांसह सहा कॅम्पसमध्ये अटी पूर्ण केल्यास हमखास प्रवेशाची सोय आहे. न्यू जर्सीत वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत आलेल्या मुलांना एनजे स्टार्स या राज्याच्या योजनेतून काउंटी कॉलेजची ट्यूशन (शिकवण्याची फी) माफ होते. पथ्य एकच: विज्ञानाचे सगळे विषय तिथेच संपवू नका. ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री विद्यापीठासाठी राखा. मोठ्या वर्गातही मुलगा टिकतो, हे प्रवेश समितीला दिसायला हवं.

दोघांचं मिळून उत्पन्न २ लाख ४० हजार. दोन मुलं. मदत मिळणार नाही असं सगळे म्हणतात, म्हणून फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरलाच नाही. चूक झाली का? — नेपरव्हिल

झाली, पण निस्तरता येण्यासारखी. फाफ्सा भरल्याशिवाय मुलाला त्याच्या नावावरचं साधं सरकारी कर्जही मिळत नाही (पहिल्या वर्षी साडेपाच हजार), आणि काही कॉलेजं गुणवत्तेच्या स्कॉलरशिपसाठीही तो मागतात.

‘सगळे’ जे म्हणतात ते अर्धवट खरं आहे. फाफ्सात पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की हिशेब हलका व्हायचा. २०२४-२५ पासून ती सूट गेली. पण सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा वेगळा, सविस्तर अर्ज मागणारी बरीच खासगी कॉलेजं अजूनही ते बघतात. श्रीमंत विद्यापीठांचं गणित तर साफ वेगळं आहे. हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ट्यूशन माफ केली, प्रिन्स्टनने तीच रेषा अडीच लाखांवर नेली. तुम्ही प्रिन्स्टनच्या रेषेत बसता. अर्थात तिथे प्रवेश मिळणं हा वेगळा अध्याय.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खर्चाचा अंदाज देणारा) असतो, २०११ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. अर्ज करण्याआधी एका रविवारी चहा घेऊन बसा आणि दहा कॉलेजांचे आकडे काढा. ज्या कॉलेजचा आकडा झेपत नाही तिथे अर्ली डिसिजनचा अर्ज करू नका. तो होकार बांधून घालतो आणि मग बाकीच्यांची पत्रं शेजारी ठेवून घासाघीस करता येत नाही.

तुमच्यासारख्या घरांचा खरा फायदा गुणवत्तेच्या स्कॉलरशिपमध्ये असतो. अलाबामा विद्यापीठ जीपीए आणि एसएटी-एसीटीच्या गुणांनुसार कुणाला किती सूट याचा तक्ताच छापतं, बाहेरच्या राज्यातल्या मुलांसाठीसुद्धा. आपल्याकडे ‘अलाबामा?’ म्हणून भुवया उंचावतात, पण तिथून मुलं मेडिकलला जातात. स्कॉलरशिपचं पत्र आलं की बारीक अक्षरांत एक गोष्ट शोधा: ती टिकवायला जीपीए किती लागतो. पहिल्या वर्षीची केमिस्ट्री भल्याभल्यांना लोळवते. ३.५ ची अट आणि एखादं वाईट सत्र, की स्वस्त कॉलेज दुसऱ्या वर्षी महाग होतं.

एका कॉलेजने माहिती सत्रात सांगितलं की त्यांच्या ९० टक्के प्रीमेड मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो. विश्वास ठेवावा का? — केरी, नॉर्थ कॅरोलिना

कशाचे ९० टक्के, ते विचारा. अर्ज केलेल्यांचे, की कॉलेजच्या समितीने ज्यांना शिफारसपत्र दिलं त्यांचे? काही कॉलेजं कच्च्या मुलांना समितीचं पत्रच देत नाहीत, मग टक्का आपोआप चढतो. पहिल्या वर्षी प्रीमेड म्हणून किती जण आले आणि शेवटी किती जणांनी अर्ज केला, हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर कळलं.

आम्ही एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा) आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं. मुलगा इथेच वाढला, नववीपासून डॉक्टर व्हायचं म्हणतो. स्वस्त कॉलेज कोणतं? — प्लेनो, टेक्सस

हे पत्र मी दोनदा वाचलं. कॉलेजचं उत्तर सोपं आहे, अवघड भाग पुढे आहे.

टेक्ससमध्ये एच-४ वरच्या कुटुंबाला निवासी धरता येतं, त्यामुळे यूटी डॅलस, ह्यूस्टन, ए अँड एम इथे इन-स्टेट (राज्यातल्या मुलांचा कमी) दर मिळू शकतो. फाफ्सा आणि सरकारी कर्ज मात्र मिळणार नाही. म्हणून घराजवळचं राज्य विद्यापीठ आणि त्याची गुणवत्तेची स्कॉलरशिप, एवढीच यादी ठेवा. एच-४ वर मुलाला पगारी काम करता येत नाही, तेव्हा रुग्णालयातला अनुभव स्वयंसेवेतूनच घ्यावा लागेल.

आता कटू भाग. २१ व्या वर्षी तो एच-४ मधून बाहेर पडतो आणि बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातो. त्यामुळे मेडिकलचा अर्ज करताना त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून करावा लागण्याची शक्यता मोठी. अनेक मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत आणि घेणाऱ्यांपैकी काही जण एक किंवा अनेक वर्षांचे पैसे आधी दाखवायला सांगतात. सीएसपीए कायद्याखाली ग्रीन कार्डासाठी त्याचं वय गोठवता येतं का, हे इमिग्रेशन वकिलाला आत्ताच विचारा, तिसऱ्या वर्षी नको. आणि त्याने पदवीचा विषय असा घ्यावा की डॉक्टरकी अडली तरी पोट भरेल: बायोमेडिकल इंजिनिअरिंग, डेटा, संख्याशास्त्र. प्रीमेडचे विषय त्याबरोबर करता येतात.

कार्ड वेळेत आलं तर मात्र टेक्सस हे प्रीमेडचं माहेरघर आहे. इथल्या सरकारी मेडिकल स्कूलच्या किमान ९० टक्के जागा राज्यातल्या मुलांना ठेवाव्या लागतात, फी देशाच्या मानाने कमी, आणि टीएमडीसास या टेक्ससच्या अर्ज यंत्रणेच्या एकाच शुल्कात हव्या तेवढ्या सहभागी कॉलेजांना अर्ज. त्यामुळे ‘बाहेरच्या राज्यातलं नामवंत कॉलेज’ वगैरे आलंच तर टेक्ससचं निवासीपण सांभाळूनच.

बीएस-एमडी (पदवी आणि मेडिकलचा एकत्र प्रवेश) मिळालं तर प्रश्नच मिटला ना? — एडिसन, पण वेगळी आई

घोडं गंगेत न्हालं असं वाटतं खरं. ब्राऊन विद्यापीठाचा आठ वर्षांचा पीएलएमई, मिझुरी-कॅन्सस सिटीचा सहा वर्षांचा, असे कार्यक्रम आहेत आणि जागा मोजक्या. पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी जीपीएची अट असते, काही ठिकाणी एमकॅटचीही. आणि सहा-आठ वर्षांचं पूर्ण बिल बाहेरच्या राज्याच्या दराने आलं तर निश्चिंतीची ती किंमत फार होते. दोन्ही टप्प्यांचा खर्च लेखी मागा, मगच पेढे वाटा.

न्यूयॉर्कमध्ये मेडिकल स्कूल फुकट झाली म्हणतात. मग आत्ता कशाला काटकसर? — क्वीन्स

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या (एनवाययू) ग्रॉसमन मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये ट्यूशन माफ केली, ब्रॉन्क्सच्या आइन्स्टाइन मेडिकल स्कूलने २०२४ मध्ये १ अब्ज डॉलरच्या देणगीवर. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स ३ लाखांखालच्या उत्पन्नाला ट्यूशन लावत नाही. पण त्या मोजक्या जागांवर सगळ्या देशाचे डोळे आहेत, आणि एनवाययूची ट्यूशन माफ झाली म्हणून मॅनहॅटनचं घरभाडं माफ होत नाही. लॉटरी लागली तर छानच. तिच्यावर घराचा हप्ता ठरवू नका.

कोल्हापूरची भाची बारावीला आहे. इकडे बोलावून प्रीमेड करून घेऊ का? सगळा खर्च मी करीन. — तिचा मामा, सिएटल

मामा, मन मोठं आहे, पण नको. परदेशी विद्यार्थिनी म्हणून ती चार वर्षांनी त्याच बंद दारांपाशी उभी राहील, ज्यांच्याबद्दल वर प्लेनोच्या पत्राला उत्तर देताना लिहिलंय. तिने ‘नीट’ ही भारतातली मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यावी, महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजचा प्रयत्न करावा. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, मग हवं असेल तर यूएसएमएलई (अमेरिकेची डॉक्टरी परवान्याची परीक्षा) देऊन रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणासाठी, इकडे यावं. तुमचे पैसे तेव्हा लागतील: परीक्षांची शुल्कं, मुलाखतींच्या काळातला खर्च, आणि राहायला सिएटलमधली तुमची वरची खोली.