टेलोमिअर, म्हणजे क्रोमोसोमचं टोक, आखूड आलं तर घाबरायचं का? वाचकांचे प्रश्न

देवगडहून: बाबा ६८ वर्षांचे. रुटीन सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले निघाले, मग फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखायची तपासणी) केली, डॉक्टर म्हणाले एमबीएल आहे, ल्युकेमिया नाही. म्हणजे नक्की काय?

एमबीएल म्हणजे मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस: एकाच बी पेशीची (लिम्फोसाइटचा एक प्रकार) पिल्लावळ रक्तात वाढलीय, पण मायक्रोलिटरला ५,००० च्या आत आहे आणि अंगावर गाठी नाहीत. ५,००० किंवा वर गेली आणि तीन महिने तशीच राहिली की सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, एक रक्ताचा कॅन्सर) म्हणायचं. काउंट बऱ्यापैकी जास्त असलेल्या एमबीएलमध्येही वर्षाला साधारण १-२ टक्के लोकांवर उपचारांची वेळ येते. तेव्हा काउंट सांगितल्या तारखेला करा, आंब्याच्या सीझनमध्ये तेवढंच नेमकं राहून जातं!

गुहागरहून: काकांना सीएलएल आहे. आखूड टेलोमिअर वाईट असं वाचलं, खरंय का?

जेटीवर बघा, नायलॉनचा दोर कापला की खलाशी लगेच टोकाला लायटर लावतो, नाहीतर पीळ सुटत जातो. क्रोमोसोमच्या (पेशीतल्या डीएनएच्या धाग्याच्या) टोकाला तसंच टीटीएजीजीजी हे डीएनएच्या अक्षरांचं तुणतुणं हजारो वेळा लागलेलं असतं, तेच टेलोमिअर, आणि पेशी दुभागली की दर वेळी त्यातलं थोडं झिजतं. म्हणून टेलोमिअर आखूड म्हणजे ती पिल्लावळ खूप वेळा दुभागलीय, एवढं कळतं. फारच झिजलं तर उघडी टोकं एकमेकांना चिकटतात, क्रोमोसोम तुटतात आणि नवे बिघाड होतात. आयजीएचव्ही (अँटिबॉडी बनवणारा) जीन अनम्युटेटेड, म्हणजे न बदललेला, असेल किंवा १७पी डिलीशन (१७व्या क्रोमोसोमचा तुकडा गळालेला) असेल तर टेलोमिअर सहसा आखूडच सापडतात, आणि आजारही लवकर पुढे सरकतो. पण उपचार ठरवताना डॉक्टर या दोन टेस्ट बघतात, टेलोमिअरची लांबी नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

मालवणहून: मग टेलोमिअर वाढवायच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात, त्या द्याव्यात का?

अजिबात नको. गंमत अशी की ज्यांची टेलोमिअर जन्मापासूनच लांब असतात त्यांना सीएलएलचा धोका उलट थोडा जास्तच दिसतो. काही घराण्यांत टोकं राखणाऱ्या पीओटी१ जीनमध्येच बिघाड सापडलाय. लांब दोर मिळाला की बिघडलेली पेशीसुद्धा जास्त वेळ दुभागत राहते ना!

चिपळूणहून: आईला सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) आहे, इमॅटिनिब हे औषध चालू आहे. तिची टेलोमिअर टेस्ट करू?

नको, तो वेगळा आजार. बीसीआर-एबीएलची (सीएमएलमधल्या बिघडलेल्या जीनची) पीसीआर, म्हणजे तो किती उरलाय हे मोजणारी टेस्ट, वेळेवर करा, शक्यतो एकाच लॅबमध्ये, आणि येताना जुने रिपोर्ट घेऊन या, मोबाइलमधले अर्धवट फोटो नकोत.