चाळिशीनंतर मित्र कमी का होतात?

प्रश्न : पंचविशीत फोन सतत वाजायचा. आता पंचेचाळिशीत मनातलं बोलावं असे तिघंच उरलेत. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : नाही. ओळखीपाळखीचं वर्तुळ साधारण पंचविशीच्या आसपास सर्वांत मोठं असतं, मग ते आकसत जातं. गळतात ते बहुतेक कडेचे लोक : वर्गमित्र, जुने सहकारी, शेजारी. नातेवाइकांची संख्या फारशी हलत नाही. नातं भेटीगाठींशिवायही बराच काळ तग धरतं; मैत्रीचं तसं नसतं.

तिघं पुरेत. पण तिघंही एकाच कार्यालयातले असतील तर सावध व्हा, कारण नोकरी सुटली की सगळे एकदम दुरावतात. एखादा तरी वेगळ्या गोटातला हवा, शक्यतो वयानं लहान.

नवी मैत्री जोडायला वेळ लागतो. अमेरिकी संशोधक जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासात जुजबी मैत्रीला सुमारे ५० तास लागले, जिवलग मैत्रीला २००हून अधिक. नुसतं सोबत काम केलेले तास त्यात फारसे कामी आले नाहीत. ‘भेटू कधीतरी’ म्हणून हे जमत नाही. आठवड्यातला एक वार ठरवून दोन तास दिले, तरी ५० तासांना सहा महिने जातात. जुन्या मित्राला मात्र सरळ फोन लावा. तिथे शून्यापासून सुरुवात नसते.