गूगल क्लाउड वर्कफ्लोजमधून (कामाच्या पायऱ्या क्रमाने चालवणारी गूगलची सेवा) खासगी फंक्शन (क्लाउडवर चालणारा छोटा कोड) बोलावलं की ४०३, म्हणजे परवानगी नाकारल्याची एरर, येते. फंक्शन सर्वांसाठी खुलं न करता हे कसं सोडवायचं?

वर्कफ्लोला स्वतंत्र सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामने वापरायचं खातं) द्या, त्या अकाउंटला फक्त त्या एका फंक्शनपुरता इन्व्होकर रोल (फंक्शन बोलावण्याची परवानगी) द्या आणि एचटीटीपी स्टेपमधल्या 'ऑथ' भागात 'टाइप' म्हणून 'ओआयडीसी' (ओळख पटवण्याची एक प्रमाणित पद्धत) लिहा. एवढं केलं की वर्कफ्लोज स्वतःच त्या अकाउंटच्या नावाचं सही केलेलं टोकन (ओळखीचा तात्पुरता पुरावा) विनंतीला जोडतं. कोडमध्ये गुप्त की (किल्ली) किंवा पासवर्ड ठेवायची गरजच उरत नाही, आणि हाच या पद्धतीचा मोठा फायदा आहे: टोकन तासाभरात संपतं, तर चोरीला गेलेली जेसन की (सर्व्हिस अकाउंटची की-फाइल) कुणी रद्द करेपर्यंत चालत राहते.

'ओआयडीसी' लिहूनही ४०३ येत असेल, तर बहुतेक वेळा रोल चुकीचा असतो. पहिल्या पिढीच्या फंक्शनला क्लाउड फंक्शन्स इन्व्होकर लागतो. दुसऱ्या पिढीचं फंक्शन मुळात क्लाउड रनवर चालतं, म्हणून तिथे क्लाउड रन इन्व्होकरच हवा. वर्कफ्लो खरोखर त्याच अकाउंटने डिप्लॉय झालाय ना, हेही बघा. अकाउंट नमूद केलं नाही तर कॉम्प्युट इंजिनचं डिफॉल्ट अकाउंट वापरलं जातं, आणि त्याच्याकडे अनेकदा गरजेपेक्षा फार जास्त अधिकार असतात. 'ऑलयूजर्स'ला (म्हणजे कुणालाही) इन्व्होकर देऊन वेळ मारून नेऊ नका, कृपया.

हे फक्त तुमच्या स्वतःच्या फंक्शनला लागू आहे. बिगक्वेरीसारखा गूगलचा एपीआय थेट बोलवायचा असेल, तर तिथे 'ओआयडीसी' नव्हे, 'ओऑथ२' (परवानगीच्या टोकनची वेगळी पद्धत) लागतं.