शेतातल्या घरी वीज नाही, फक्त एक सौर पॅनेल आहे; फ्रीज, मिक्सर, कूलर यांना घरच्या घरी करता येण्यासारखे पर्याय कोणते?

तुमच्या यादीत फ्रीज पहिला आहे, म्हणूनच उत्तर लिहायला बसलो. कारण फ्रीजवरून माझे आणि थोरल्या बंधूंचे जे वाजले, ते अजून पुरते मिटलेले नाही.

आमचे शेत लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आहे आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, विजेची जोडणी नाही. 2015 च्या उन्हाळ्यात बंधूंनी दोन पॅनेल, 150 अँपिअर-तासांची बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून गावातला जुना फ्रीज तिथे नेला. मी आधीच हिशेब मांडला होता: 12 व्होल्टच्या अशा बॅटरीत 1800 वॉट-तास मावतात, ती टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरावेत, आणि जुना फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला एक युनिट, म्हणजे 1000 वॉट-तास, सहज खातो, शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढतो, तो वेगळाच. "तू कागदावरच शेती कर," असे उत्तर मिळाले. पुढच्या उन्हाळ्याच्या आत बॅटरी बसली. फ्रीज अजून तिथेच आहे. त्यात बियाणे ठेवतो, उंदीर लागत नाहीत.

मी मात्र लिंबाच्या सावलीत शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ही रचना आहे: विटांच्या दुहेरी भिंती, मधल्या साडेसात सेंटिमीटरच्या फटीत वाळू, वर ओले पोते, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. आपल्याकडचा कोरडा वारा उरलेले काम करतो. एका दिवसात माना टाकणारी मेथी त्यात तीन दिवस टवटवीत राहिली.

मग एप्रिल 2016 आला. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होते, आणि बंधू चारचौघांत म्हणाले, "माणसाला प्यायला पाणी नाही आणि हा विटांना पाजतो." त्या दोन महिन्यांपुरते त्यांचे खरे होते, हे इथे प्रथमच कबूल करतो. परंतु कोरडा पडलेला शीतकक्ष पाऊसपाणी झाल्यावर पुन्हा कामाला लागला. बसलेली बॅटरी लागली नाही.

बाकीच्या वस्तूंचे थोडक्यात सांगतो. मिक्सरचे काम पाटा-वरवंटा आणि खलबत्ता करतात, त्याला शोधाची गरज नाही. कूलरऐवजी खिडकीला वाळ्याचा ओला पडदा आणि समोर 12 व्होल्टचा पंखा पुरतो, मात्र दुसरी खिडकी उघडी हवी. उष्णता निर्माण करणारी कोणतीही वस्तू, मग ती इस्त्री असो वा गीझर, बॅटरीवर लावणे हा शुद्ध वेडेपणा आहे. आंघोळीचे पाणी छतावरच्या काळ्या पिंपात तापते. डाळीला खळखळून उकळी आणून घट्ट झाकलेले पातेले जुन्या गोधड्यांत गुंडाळून ठेवले, तर उरलेली शिजण्याची क्रिया सरपणाविना होते.

हे आधी सांगायला हवे होते: पावसाळ्यात हवाच ओली असल्यामुळे शीतकक्ष जवळजवळ निरुपयोगी ठरतो, दुधासाठी त्याच्यावर विसंबू नये, आणि ज्या औषधांना 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान लागते ती त्यात मुळीच ठेवू नयेत, कारण आपल्या उन्हाळ्यात तो तिथवर उतरत नाही.

तुमच्याही घरात फ्रीजसाठी हटून बसलेले कोणी वडीलधारे असतील, तर नव्या बॅटरीचा खर्च कोण करणार हे आधीच त्यांच्याकडून वदवून घ्या. मी तेवढेच विसरलो, आणि त्या बॅटरीचे निम्मे पैसे माझ्या खिशातून गेले.