लाळेच्या नमुन्यावर विसंबू नकोस

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, डीएनएमधला जन्मजात बदल शोधायचा तर तुलनेला रोग नसलेल्या पेशी लागतात, आणि नवखे नेमके इथेच फसतात. लाळेत पांढऱ्या पेशी असतातच, म्हणजे रोगाचाच डीएनए पुन्हा हाती येतो. त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी (त्वचेच्या जोडऊतीतल्या पेशी) प्रयोगशाळेत वाढव. 3-4 आठवडे जातात, जाऊ देत.

रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत घे. हिरव्या टोपणातलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, अडवतं. परळहून खारघरला नेताना नळी थेट बर्फाला टेकवू नकोस, पेशी फुटतात.

जन्मजात बदल साधारण 50 टक्के रीड्समध्ये, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत, दिसतो. फक्त 5 टक्के रीड्समध्ये असलेला बदल 30 पट खोलीत (प्रत्येक जागा सरासरी 30 वेळा वाचली तर) जेमतेम 1-2 रीड्स देतो, आणि सॉफ्टवेअर तो चूक समजून गाळतं. तिथे निवडक जनुकंच वाचणारं 1000 पट खोलीचं पॅनेलच लाव. डीएनएमटी3ए जनुकात बदल दिसला म्हणून रोगाचं कारण सापडलं असं मात्र लिहू नकोस. उतारवयातल्या निरोगी माणसांच्या रक्तातही तो आढळतो.